मंगळवारचा जबाब

सोमवार, ३

दुसऱ्यांनी टाकलेल्या कुत्र्यांची घाण काढणाऱ्यांनो, त्यांच्या कानातले किडे वेचणाऱ्यांनो, आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. पिल्लू असताना कौतुक त्यांनी करायचं, गळ्यात घुंगरू त्यांनी बांधायचा, फोटो त्यांनी काढायचे. आणि तेच कुत्रं म्हातारं झालं, खरजेनं भरलं, की निस्तरायचं आपण. जेवायला ते आणि उष्टी काढायला आपण!

वहीपुढे एकटी बसले तरी समोर सभा असल्यासारखं लिहिलं जातं. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवण्यात आणि कामगारांच्या सभा गाजवण्यात गेली. ही खोड आता सरणावरच जाईल.

आज निवाऱ्यात एकशे बारा कुत्री आहेत. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात आम्ही तिघं ती सांभाळतो: मी, माझी भाची, जी जनावरांची डॉक्टर आहे, आणि नाना, जे पूर्वी बस चालवायचे आणि आता कुत्र्यांची पंगत चालवतात. सहा महिन्यांपूर्वी मी 'जबाब' सुरू केला. ज्याला कुत्रा आमच्याकडे सोडायचा असेल त्यानं मंगळवारी दहा ते बारा यायचं, फाटकात उभं राहायचं आणि कर्ण्यावर, चारचौघांना ऐकू जाईल असं बोलायचं: मी अमुक, राहणार तमुक, हा कुत्रा मी हौसेनं आणला आणि आज टाकतो आहे, कारण हे. मग त्याचा फोटो फाटकाबाहेरच्या फळ्यावर, जिथं हा मसुदाही लिहिलेला आहे.

आधी महिन्याला तीस कुत्री यायची. गेल्या महिन्यात चार आली. लाज हे औषध जुनं आहे, पण अजून लागू पडतं.

मंगळवार, ४

आज सहाजण रांगेत होते. पहिलीच एक बाई, बरोबर ठिपक्यांचा कुत्रा. नवऱ्याची बदली झाली म्हणाली. मी म्हटलं, "ऐकू आलं नाही." तिनं पुन्हा सांगितलं. "मागच्यांना ऐकू गेलं नाही." तिसऱ्यांदा सांगताना ती रडायला लागली आणि कुत्रा तिचा हात चाटायला लागला. मी कर्ण्यावरूनच म्हटलं, "बघा, कोण कोणाला सोडतंय ते या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही." फाटकाशी जमलेले हसले. मला बरं वाटलं. का खोटं लिहू?

तिचं आटोपून वर पाहिलं तर रांगेत एकच उरला होता. चौघं आपापली कुत्री घेऊन पसार. म्हणजे चार कुत्री घरी परत गेली!

नाना पाणी भरता भरता म्हणाले, "बाई, फाशीची शिक्षासुद्धा इतक्या मोठ्यानं वाचत नसतील."

"फाशी एकदाच असते, नाना. यांचं कुत्रं रोज मरतं."

"तुमच्याशी बोलण्यापेक्षा एकशे बाराजणांशी बोललेलं बरं," म्हणून बादली घेऊन गेले.

गुरुवार, ६

खाणीच्या रस्त्यावरून एका ट्रकवाल्यानं एक कुत्री आणून दिली. वजनकाट्याजवळच्या चहाच्या टपरीला बांधलेली होती. "काल सकाळपासून बसलीय," तो म्हणाला. "येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं बघते आणि मान खाली घालते. टपरीवाल्यानं खायला टाकलं, शिवली नाही."

म्हातारी, तपकिरी, काटकुळी. अंगात कोट. असा कोट मी पाहिला नव्हता. छत्रीच्या काळ्या कापडाचा, दुहेरी, कडा दुमडून हातानं बारीक टाके घातलेला. पोटाखाली छत्री मिटवून बांधायची पट्टी असते ना, तीच, बटणासकट. पाठीवर खिसा. खिशात कानाच्या औषधाची बाटली आणि एक चिठ्ठी:

"उजव्या कानात रोज दोन थेंब. दात कमी आहेत, अन्न भिजवून द्यावं. मोठ्या आवाजाला घाबरते. नावानं हाक मारल्याशिवाय जेवत नाही."

आणि नाव लिहिलेलं नाही!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंखा विकताना सोबत कागद देतात तशा सूचना लिहून, खिशात घालून, खांबाला बांधून हा गृहस्थ चालता झाला. केवढा थंड डोक्याचा माणूस!

भाचीनं बाटली उजेडात धरली. "मावशी, ही नवी आहे. सील फोडलेलं नाही. टाकायच्या कुत्रीला कोणी नवं औषध विकत आणतं का?"

"अपराधी मन आणतं."

"तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयारच असतं."

तयार आहेच. असले टाके घालणारा हात या गावात एखादाच असेल. तो मी शोधणार, आणि त्याचा जबाब फाटकात नाही, भरसभेत घेणार. बुधवारी नगरसभागृहात माझं व्याख्यान आहे: 'कुत्रा पाळणं ही हौस नव्हे'. उदाहरण हवंच होतं. जिवंत मिळेल.

शुक्रवार, ७

कुत्री खात नाही. पाणी तेवढं पिते. भाचीनं सलाईन लावलं. म्हणाली मूत्रपिंडं जुनी झालीत, आणखी चार दिवस पोटात काही गेलं नाही तर कठीण.

नाना सकाळपासून वाडगं घेऊन तिच्यापुढे बसले आहेत. राणी, मोती, चंपी, सोनी, टिपू, सगळी नावं झाली. मग बसच्या थांब्यांची नावं घेऊन पाहिली. शेवटी कंटाळून स्वतःच्या बायकोचं नाव घेतलं. तिनं एक डोळा उघडून पाहिलं. "हिचं पण लक्ष नाही," नाना म्हणाले, "घरच्यासारखंच आहे."

मी हसले नाही. नाव लपवलं याचा अर्थ त्याला पकडलं जाण्याची भीती होती. कुत्री मेली तरी चालेल, पण आपलं नाक शाबूत राहिलं पाहिजे! अशा माणसांनी इतिहासात राज्यं बुडवली आहेत. कुत्र्याचं काय घेऊन बसलात.

दुपारी कोट पिशवीत घालून बाहेर पडले. छत्र्या विकणारी तीन दुकानं झाली. एकजण म्हणाला, "बाई, असं काम विकणारा करत नाही, दुरुस्त करणारा करतो."

रविवार, ९

पाय सुजले आहेत. छत्री दुरुस्त करणारे पाच गाठले. पाचवा टाका बघून हसला आणि म्हणाला, "हा आमच्या उस्तादांचा हात. जुन्या बाजारात, किल्लीवाल्याच्या शेजारी बसतात." आज बाजार बंद.

कुत्री जिथं ठेवली तिथंच आहे. तिचं तोंड दाराकडे.

सोमवार, १०

सापडला!

जुन्या बाजारात जिन्याखाली हातभर जागा. वर मोडक्या छत्र्यांच्या काड्यांच्या जुड्या टांगलेल्या, खाली एक उशी, आणि उशीशेजारी तेवढीच दुसरी उशी, तपकिरी केसांनी भरलेली. माणूस नव्हता. शेजारचा किल्लीवाला कानस घासत होता. त्याच्यापुढे कोट धरला. त्याचा हात थांबला.

"छत्रीवाल्याचंच काम," तो म्हणाला. "कुठं मिळाला?"

"खाणीच्या रस्त्यावर. कुत्रीसकट. त्याचं नाव काय, राहतो कुठं?"

त्यानं नाव सांगितलं. मग म्हणाला, "बायकोला घेऊन दवाखान्यात गेलेत. तिच्या फुप्फुसाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, एका खोलीत राहायचं तर कुत्रीचे केस चालायचे नाहीत. दोन महिने कुत्रीला इथंच ठेवली त्यांनी, जागेच्या मालकानं हरकत घेतली. मग मंगळवारी तुमच्याकडंच घेऊन आले होते की. तासाभरात तिच्यासकट परत आले, तोंड पांढरं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घेऊन गेले आणि एकटेच परत आले."

"माझ्याकडे आला असता तर कुत्री माझ्याकडे असती," मी म्हटलं. शेजारधर्म म्हणून लोक काहीही सांगतात.

"असेल. तुम्हाला आणखी काही विचारायचंय का?"

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी निरोप ठेवला: बुधवारी संध्याकाळी पाचला नगरसभागृहात चाळीस छत्र्या दुरुस्तीला आहेत, सामान घेऊन यावं. निरोप माझा आहे हे सांगू नका, नाहीतर संकोचानं येणार नाही, म्हटलं. किल्लीवाला पुन्हा कानस घासू लागला.

परतीच्या वाटेवर मी चक्क गुणगुणत होते.

मंगळवार, ११

दहा ते बारा फाटकात उभी होते. एकही माणूस आला नाही. एकही नाही! सहा महिन्यांत पहिल्यांदा.

भाचीला विजयवार्ता सांगितली तर ती हातमोजे काढत म्हणाली, "खाणीच्या रस्त्यावरून आत्ताच फोन होता. तीन आहेत. एकाला ट्रकनं उडवलंय. ठिपक्याठिपक्यांचं नाही, काळजी करू नकोस. ते तर आपण त्या बाईला रडवून ठेवून घेतलंय."

"म्हणजे लोक आणखी निर्ढावले."

"मावशी, जरा हिशेब कर ना. इथं येणारे तीसाचे चार झाले, तिथं बांधलेले किती झाले?"

"त्यांना मी बांधायला सांगितलं?"

ती गाडी काढून खाणीकडे गेली. तरुण आहे. तिला वाटतं, राग म्हणजे आजार. मी तिला कितीदा सांगितलं आहे की जगात जे जे सुधारलं ते कोणाच्या तरी रागानंच सुधारलं.

कुत्रीनं आज पाणीही सोडलं.

बुधवार, १२

जसं घडलं तसं लिहिते.

सभागृह भरलं होतं. भिंतीला टेकून माणसं उभी. मी चाळीस मिनिटं बोलले आणि अशी बोलले की पंख्याची घरघर ऐकू यावी. मग कोट वर धरला. चिठ्ठी वाचली. 'नाव लिहिलेलं नाही' या वाक्यावर मी थांबले. सभेत कुठं थांबायचं ते मला कळतं. सभा हळहळली. मग मी बोट केलं: "ज्यानं हे शिवलं, हे लिहिलं आणि बांधून निघून गेला, तो गृहस्थ त्या दाराशी उभा आहे."

तो दाराशीच होता. खांद्याला अवजारांची पिशवी, हातात सुई-दोऱ्याचा डबा. छत्र्या कुठं आहेत म्हणून इकडंतिकडं बघत होता. साठीच्या पुढचा, इस्त्रीचा सदरा घातलेला. एवढं मोठं काम मिळालं म्हणून घातला असेल.

दोघांनी त्याला धरून पुढे आणलं. मी ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडासमोर केला. "बोला. जबाब द्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, कोटाकडे पाहिलं. आणि न अडखळता म्हणाला, "मी छत्र्या दुरुस्त करतो. राहणार छापखान्याची गल्ली. ही कुत्री मला बारा वर्षांपूर्वी पावसात भिजलेली सापडली. आज मी तिला टाकतो आहे. कारण, माझी बायको." अगदी फळ्यावर लिहिला आहे तोच मसुदा. पाठ केला होता. "रांगेत पाठ केला होता बाई," तो म्हणाला. "माझा चौथा नंबर होता. तुमच्या कर्ण्यानं ती थरथरायला लागली. आणि पुढच्या ताईंना तुम्ही तिसऱ्यांदा बोलायला लावलंत, तेव्हा तिनं उभ्या उभ्या मुतलं. मला वाटलं, निदान हसणाऱ्यांच्या पुढं नको. टपरीवर ट्रकवाले थांबतात, खायला टाकतात…"

"शरम नाही वाटत?" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले.

त्या गोंगाटात तो ध्वनिक्षेपकाशी वाकला. "जेवते का ती? तिला नावानं बोलवावं लागतं. तिचं नाव…"

मी बटण बंद केलं.

सभा पेटलेली असताना आरोपीला शेवटचा शब्द द्यायचा नसतो. हे मी तीस वर्षं पाळत आले. मी म्हटलं, "हा माणूस आता कुत्रीची चौकशी करतो आहे!" आणि टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. तो ओठ हलवत होता. मग पिशवी सावरून निघून गेला. दारापाशी एकानं त्याचा डबा उडवला. सुया पसरल्या. त्या त्यानं वेचल्या नाहीत.

सूड गोड असतो. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी घेतलेला नसतो.

गुरुवार, १३

दिवसभर अभिनंदनाचे फोन. एका वर्तमानपत्रात कोट हातात धरलेला माझा फोटो.

भाची माझ्याशी बोलत नाही. ती सकाळी छत्रीवाल्याकडे गेली होती. जिना मोकळा. उशा नाहीत, काड्या नाहीत. खोलीला कुलूप, कोणी म्हणालं दवाखान्यात, कोणी म्हणालं बायकोच्या भावाकडे.

संध्याकाळी सलाईनची सुई बदलताना तिनं मान वर न करता विचारलं, "तू बटण बंद केलंस तेव्हा तो काय सांगत होता?"

"काहीतरी सारवासारव."

"मावशी, मी तिसऱ्या रांगेत होते. त्याचे ओठ बघत होते. दोनच अक्षरं होती."

उद्या जुना बाजार किती वाजता उघडतो, ते मी नानांना विचारलं. 

शुक्रवार, १४

बाजार उघडायच्या आधी किल्लीवाल्याच्या फळीवर जाऊन बसले. तो आला, कुलूप काढलं, सामान मांडलं. मी म्हटलं, "तिचं नाव काय?"

"काडी," तो म्हणाला. लगेच. जणू वाटच पाहत होता. "सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. पाय छत्रीच्या काड्यांसारखे म्हणून काडी."

"मग सोमवारी का नाही सांगितलंत?"

"बाई, तुम्ही त्यांचं नाव विचारलंत. तिचं विचारलंच नाही." कानस उचलून त्यानं पुन्हा खाली ठेवली. "मला वाटलं, ती मेली असेल. जिवंत कुत्रीसाठी आलेलं माणूस आधी तिचंच विचारतं."

"चिठ्ठीत तरी लिहायचं त्यानं."

"लिहिलं असतं तर तासाभरात सापडले असते. फळ्यावर फोटो लागला असता. तो फोटो बायकोनं पाहिला असता, आणि 'माझ्यामुळं' म्हणून तिनं औषध सोडलं असतं. तिला त्यांनी सांगितलं होतं, कुत्री एका मळ्यात दिली."

मी रिक्षा केली. रिक्षावाल्याला तीनदा म्हटलं, लवकर चल.

भाची कुत्रीजवळ बसली होती. मी खाली बसले. माझा आवाज सभेचा. तो आत घ्यायला वेळ लागला. मग म्हटलं, "काडी."

तिनं डोकं उचललं. शेपटी जमिनीवर एकदा आपटली. नानांनी वाडगं पुढे सरकवलं. "काडी, जेव." तिनं दोन घास खाल्ले. मोजून दोन. मग माझ्या मागं दाराकडे बघत राहिली.

सव्वादोनला गेली.

भाची म्हणाली, मूत्रपिंडं आधीच गेलेली होती, नाव आधी कळलं असतं तरी कदाचित वाचली नसती. मी म्हटलं, मला असली भीक नको. गेल्या शुक्रवारी नाव कळलं असतं तर ती गेल्या शुक्रवारीच जेवली असती. सोमवारी माझ्यापासून हातभर अंतरावर ते नाव होतं.

रविवार, १६

छापखान्याच्या गल्लीत गेले. कोणी सांगितलं म्हणून नाही. सांगितलं असतं तर गेले नसते.

दार उघडं होतं. एक खोली, एक खाट, खाटेवर त्याची बायको, नाकाला नळी, शेजारी सिलिंडर. तो स्टोव्हपाशी उभा होता. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. धाप लागत होती, पण एकेक शब्द सुईसारखा.

"या. आवाज चढवा हवा तर. मला सवय झालीय. गल्लीतली पोरं रोज ओरडतात, कुत्री टाकणारा, कुत्री टाकणारा. तुमच्याचकडून शिकली."

"मी…"

"मला मळा सांगितला होता यांनी. विहीर आहे, सावली आहे, म्हणाले. बेचाळीस वर्षांत एकच खोटं बोलले माझ्याशी. ते पण तुम्ही राहू दिलं नाहीत."

छत्रीवाल्यानं पाणी दिलं. मी पेला धरून उभी राहिले. आयुष्यात एवढी भाषणं केली, पण 'चुकले' हा शब्द सभेत कधी वापरला नव्हता, त्यामुळे तो कुठून सुरू करायचा तेच कळेना. तो त्यानं मला म्हणूही दिला नाही. ती गेली हे त्यानं माझ्या तोंडावरूनच ओळखलं असावं. विचारलं, "कुठं ठेवलीत तिला?"

"आमच्या आवारात. मागच्या भिंतीशी."

"कोट?"

"अंगातच."

"बरं केलंत. थंडी सोसायची नाही तिला." आणि थोड्या वेळानं, "जेवली होती?"

"दोन घास."

"कोणी बोलावलं?"

"मी."

तो स्टोव्हकडे वळला. बायको म्हणाली, "आता जा. मला खोकला आला की त्यांना माझ्याजवळ बसावं लागतं, आणि तुमच्यासमोर ते बसणार नाहीत."

मी निघाले. पाणी प्यायचं राहूनच गेलं. उंबऱ्यावर ठेवलेल्या पेल्याकडे गल्लीतून वळून पाहिलं तर तो आत नेत होता.

सोमवार, १७

सकाळपासून लिहिते आहे आणि फाडते आहे. उद्या मंगळवार. हे उद्याच्या वर्तमानपत्रात जायला हवं, आणि खाणीच्या टपरीवर चिकटवायला हवं. भाची म्हणते, मऊ लिही. मला मऊ येत नाही. नाना म्हणाले, "बाई, कडक लिहा, पण थोडक्यात लिहा. तुमचं पूर्ण वाचेतो कुत्रं म्हातारं होईल."

तर हे:

हातात दोरी घेऊन खाणीच्या रस्त्याकडे निघालेल्या माणसा, मी तुला माफ केलेलं नाही. कोणाला मळा सांगशील, कोणाला बदली सांगशील. मला काही सांगू नकोस, मी विश्वास ठेवणार नाही. बारा वर्षं जो जीव तुझ्या पावलाचा आवाज ओळखत आला, त्याला सोडताना तुझं काळीज फाटत असेल तर फाटू दे. फाटायलाच हवं. माझा राग माझ्यापाशी आहे आणि तो कमी व्हायचा नाही. पण या रागाची किंमत एका कुत्रीनं आठ दिवस उपाशी राहून दिली, आणि तो राग तुझ्यावर होता, तिच्यावर नव्हता. यापुढे तो तुझ्या कुत्र्याच्या वाटेत येणार नाही.

कारखान्याचं मागचं दार सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत उघडं आहे. तिथं कर्णा नाही, रांग नाही, फोटो नाही. टपरीला बांधू नकोस. आत ये, दोरी आमच्या हातात दे, आणि त्याचं नाव सांग. त्याचं. तुझं नको.